‘कॉन्ट्रा’च्या सावलीत राहिलेला ‘जॅकल’

वाराणसी : नव्वदच्या दशकात वाराणसीसारख्या शहरांतील घरांत ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची व्हिडिओ गेम यंत्रे दूरचित्रवाणी संचाला जोडली जात. ती जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ची प्रतिरूपे होती. त्यांवरील ‘कॉन्ट्रा’ आजही स्मरणात आहे. त्याच कोनामी कंपनीचा, निन्टेन्डोच्या यंत्रावर त्याच वर्षी, १९८८ मध्ये आलेला ‘जॅकल’ मात्र मागे पडला.

वास्तविक रचनेत ‘जॅकल’ अधिक विचारी आहे. सशस्त्र जीप घेऊन शत्रुप्रदेशात शिरायचे, युद्धकैद्यांना सोडवायचे आणि हेलिकॉप्टरपर्यंत सुखरूप पोहोचवायचे. मशीनगनच्या गोळ्या सदैव पडद्याच्या वरच्या दिशेलाच जातात. हातबॉम्ब मात्र जीपचे तोंड असेल तिकडे. त्यामुळे नुसते बटण दाबत राहून भागत नाही, जीप कोठे न्यायची हे ठरवावे लागते. ठरावीक कैद्याची सुटका केल्यास हातबॉम्बऐवजी क्षेपणास्त्र मिळते. म्हणजे येथे बळ वाढते ते सुटकेतून. नेमबाजीच्या खेळात हे विरळाच.

टप्पे सहा, पण प्रगती जतन करण्याची सोय नाही. वीज गेली की पुन्हा पहिला टप्पा, आणि उत्तर प्रदेशात वीज जाणे ही काही अपूर्वाई नव्हती. ‘कॉन्ट्रा’लाही हीच मर्यादा होती, मात्र तेथे तीस जीव देणारी बटणांची युक्ती मुलांना तोंडपाठ असे. ‘जॅकल’ला तशी प्रसिद्धी लाभली नाही.

शिवाय अनेक खेळ भरलेल्या विनापरवाना कॅसेटवर निर्मात्याचे नाव पुष्कळदा पुसलेले असे. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’च्या २०२३ च्या अभ्यासानुसार, तेथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नाहीत.