अक्षरांचे आकडे

गणेशचतुर्थी जवळ आली. मुंबईला कामाला असलेल्या मुलाने मोबाईलवरून निरोप धाडला, "येतो." इकडे मालवणात आईने तो वाचला. शेजारणीला नवल वाटले. ती म्हणाली, "यंत्राक मराठी कशी कळता?"

आम्ही सांगतो, यंत्राला मराठी कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून त्याच्या पोटात एक कोष्टक ठेवलेले असते. आपण पाढे पाठ करतो ना? बारा साते चौऱ्याऐंशी! दर वेळी बेरीज करीत बसत नाही. यंत्राचेही तसेच. अक्षर आले की ते कोष्टकात बघते आणि अक्षरासमोरचा आकडा उचलते.

क चा आकडा २३२५, ख चा २३२६, ग चा २३२७. काना, मात्रा, वेलांटी यांनाही आकडे आहेत. आता "येतो" घ्या. य २३५१, मात्रा २३७५, त २३४०, काना-मात्रा २३७९. मुंबईहून हे चार आकडे निघाले. आईच्या मोबाईलने तेच कोष्टक उलटे वाचले. आकड्यांची पुन्हा अक्षरे झाली.

पण दोन्हीकडे कोष्टक एकच हवे. पूर्वी मराठीसाठी निरनिराळी कोष्टके असत. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला तर भलतीच अक्षरे दिसत. मग साऱ्या जगासाठी युनिकोड नावाचे एकच कोष्टक तयार झाले. १९९१ साली ते निघाले, तेव्हापासून त्यात आपली देवनागरी आहे.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. कोणी वेंगुर्ला लिहितो, कोणी वेंगुर्ले. आपल्याला गाव एकच, हे कळते. यंत्राला कळेलच असे नाही. शेवटच्या काना-मात्रेत फरक आहे. कान्याचा आकडा २३६६, मात्रेचा २३७५. आकडा बदलला की यंत्राला शब्दच निराळा वाटतो.

आपल्या नावाचेही असेच होते. सातबारावर ळ आणि बँकेच्या पुस्तकात ल पडला, तर यंत्राला माणसे दोन वाटू शकतात. मग कामे अडतात, हेलपाटे पडतात.

तेव्हा मंडळी, आता आपल्याला वाचता येते. आज घरी जाऊन रेशनकार्ड, सातबारा आणि बँकेचे पुस्तक काढा. आपले नाव अक्षर न् अक्षर लावून ताडून बघा. चूक दिसली तर वेळीच दुरुस्त करून घ्या.