गळती शोधायला हात नको, पुठ्ठा घ्या

डिझेलवर काडी टाकली तरी ते पेटत नाही, असं गॅरेजात सर्रास म्हटलं जातं. ते निम्मंच खरं आहे. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, म्हणजे ठिणगीने पेटेल इतकी वाफ त्याखाली सुटता कामा नये. चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतही पारा त्यापुढे जातो. शिवाय फुटक्या पाइपातून तुषार होऊन उडालेलं डिझेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं, तर ठिणगीचीही गरज उरत नाही.

तरी मला जास्त धास्ती वाटते ती दाबाची. पाइपवरून हात फिरवून बारीक गळती शोधण्याची सवय अनेक मेकॅनिकांना असते. शेतातल्या साध्या एका सिलिंडरच्या इंजिनातही नोझल सुमारे २०० बारला उघडतं. कॉमन रेल इंजिनात दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो. कातडी भेदायला याचा लहानसा हिस्साही पुरतो. धार इतकी बारीक असते की दिसत नाही. बोटावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका उमटतो, दुखणंही सुरुवातीला फारसं नसतं, आणि माणूस फडक्याने बोट पुसून पुन्हा पान्याला हात घालतो. आत मात्र डिझेल बोटातून तळहाताकडे पसरत असतं. सूज चढते, रक्तपुरवठा तुटतो, मांस मरायला लागतं. उशीर झाला तर बोट कापावं लागतं, कधी त्याहून जास्त. इथे धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन भागत नाही, तातडीने शस्त्रक्रियाच लागते. जखम फसवी दिसते, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा: जोराच्या दाबाने डिझेल कातडीत शिरलंय. गळती शोधायला पुठ्ठा लांबून धरा. गळतीसमोर आला की त्यावर ओला डाग पडतो.

चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट सैल करून मिसिंग ओळखायची जुनी रीतही कॉमन रेलवर कधीच वापरू नका. इंजिन बंद केल्यावरही रेलमधला दाब उतरायला वेळ लागतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटं थांबा.

चावी फिरवली की इंजिन थांबणारच, हीसुद्धा खात्री धरू नका. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. टर्बोचं सील गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून सुसाट पळतं. अशा वेळी हवा तोडावी लागते: हवेच्या तोंडावर जाड फळी दाबा किंवा तिथे कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक मारा. तळहात किंवा फडकं लावू नका. जवळ जाणं धोक्याचं वाटलं तर सगळ्यांना दूर हटवा.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटा झटका बसला तर मनगट वाचतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

डिझेलचा धूर निरुपद्रवी, हा समज विहिरीवर जीव घेऊ शकतो. साधा पंप व्यवहारात सहा-सात मीटरहून खोलचं पाणी ओढत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काही जण इंजिनच विहिरीत उतरवतात. पेट्रोलपेक्षा डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड कमी असला, तरी कोंडलेल्या जागेत तो माणूस मारायला पुरतो. त्याला रंग नाही, वास नाही. खाली कुणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग उतरू नका. वरून बंद करता येत असेल तर इंजिन बंद करा आणि ११२ ला फोन लावा.