पावसात तापणारं घोंगडं

माणदेशाच्या माळावर वळीव कोसळायला लागला की मेंढका आडोसा शोधत पळत नाही. खांद्यावरचं घोंगडं उलगडतो, एक कोपरा आत दुमडून खोळ करतो, डोक्यावर घेतो आणि काठीवर भार टाकून मेंढ्यांवर नजर ठेवत उभा राहतो. पाऊस वरून ओघळून जातो, आतला माणूस ऊबेत असतो. याचं कारण विचारलं तर आपण सहज सांगतो, की घोंगडं अंगातली ऊब धरून ठेवतं. ते खरंच आहे. पण त्याहून नवलाची गोष्ट अशी, की दमट हवेत घोंगडं स्वतःच उष्णता सोडू लागतं, आणि ती मोजता येण्याइतकी असते.

लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. आपली नखं आणि केस ज्याचे, त्याच कुळातलं. या प्रथिनाच्या साखळ्यांवर पाण्याच्या रेणूला चिकटायला जागोजागी जागा असतात. हवेतली वाफ तंतूच्या आत शिरते, त्या जागा पकडून बसते, आणि वाफ स्थिरावताना तिच्यातली उष्णता बाहेर पडते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी अशा रीतीने पोटात घेऊ शकते, तरी हाताला ओली लागत नाही. आता एक हिशेब करून पाहू. अडीच किलोचं घोंगडं कोरड्या माळावरून घाटातल्या धुक्यात आलं आणि त्याने पाव किलो वाफ शोषली, तर साधारण 600 किलोज्यूल उष्णता मोकळी होते. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला शंभरेक ज्यूल उष्णता टाकत असतं. म्हणजे दीड तासाहून जास्त वेळ शरीर जेवढी ऊब देईल, तेवढी या एका घोंगड्यातून निघते. त्यातली बरीचशी बाहेरच्या बाजूने निसटून जाते हे खरं. पण उरते तीसुद्धा थंडीचा पहिला तडाखा झेलायला पुरेशी असते. ऊन पडलं की घोंगडं वाळतं आणि पुढच्या पावसासाठी पुन्हा तयार होतं.

मग प्रश्न पडतो: जी लोकर वाफेला इतकी हपापलेली आहे, तिच्यावरून पावसाचे थेंब ओघळून कसे जातात? तंतू भिंगाखाली धरला तर याचं उत्तर दिसतं. त्याच्या अंगावर एकावर एक चढवलेली खवल्यांची ओळ असते, घराच्या कौलांची असते तशी, मुळाकडून टोकाकडे उतरती. या खवल्यांवर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो, आणि मेंढीच्या कातडीतून पाझरणारं मेण वरून माखलेलं असतं. थेंब मोठा, तो खवल्यांवरून घसरतो. वाफेचे रेणू सुटे असतात. ते फटींतून आत जातात. पाऊस बाहेर ठेवणारं आणि वाफ आत घेणारं कापड करण्यासाठी कारखान्यांना प्लॅस्टिकचे बारीक छिद्रांचे पापुद्रे चिकटवावे लागतात. मेंढी ते गवत खाऊन करते.

दख्खनी मेंढीची लोकर राठ म्हणून नेहमीच कमी लेखली गेली, आणि ते मला कधी पटलेलं नाही. मेरिनोचा तंतू सुमारे 20 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पश्मिना त्याहूनही बारीक. दख्खनीचा सरासरी तंतू 40 मायक्रॉनच्या पुढेमागे. जाडी दुप्पट झाली की ताठपणा दुप्पट होत नाही. तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे दुप्पट जाडीचा तंतू सोळापट ताठ. घोंगडं टोचतं ते यामुळेच: साधारण 30 मायक्रॉनच्या वरचं टोक कातडीला लागलं तर वाकत नाही, मज्जातंतूला ढोसतं. पण हाच ताठपणा घोंगड्याचा कणा आहे. वर्षानुवर्षं अंथरलं, पांघरलं, घोड्याच्या पाठीवर बांधलं, काट्याकुट्यातून ओढलं तरी ते चेपून पातळ होत नाही. तंतू एकमेकांपासून अंतर राखून राहतात आणि मधे हवा अडकून राहते. जाड तंतूंपैकी अनेकांच्या गाभ्यात पोकळ पेशींची नळी असते, तिच्यातही हवाच. बारीक मऊ शाल दिवाणखान्यात शोभते. बाभळीच्या काट्यांतून तिला आठवडाभर फिरवलं, तर तिचं काय होईल ते सांगायला नको.

ही लोकर पिकते ते शेत एका जागी नसतंच. धनगरांचा वाडा म्हणजे चार भिंती नव्हेत. काही कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री आणि कोंबड्या यांचा चालता मुक्काम. माण, खटाव, फलटण, सांगोला, जत हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस थोडा, गवत लवकर संपणारं. दिवाळीच्या सुमारास वाडे निघतात, काही घाट उतरून कोकणात, काही इतर दिशांना, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पुरुष मेंढरं चारत आडवाटेने जातात. बायका घोड्यांवर संसार लादून पुढचा मुक्काम गाठतात. भांडी, पीठ, लेकरं आणि नुकतीच जन्मलेली कोकरं, सगळं घोड्यावर. संध्याकाळी वाघर ताणून म्हणजे जाळ्याचं कुंपण उभं करून मेंढरं आत घेतली जातात. हे कुंपण रोज कापणी झालेल्या कुणा ना कुणा शेतकऱ्याच्या रानात असतं, कारण रात्रभर मेंढ्या बसवल्या की सकाळी त्या रानात लेंडीखत आणि मूत एकसारखं पसरलेलं असतं. त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. मेंढी दिवसा बांधावरचं गवत आणि रानातला पाला खाते, रात्री त्याचं खत करते आणि मधल्या वेळात अंगावर लोकर वाढवते. एका जनावराच्या दिवसात इतकी कामं बसवणारं शेत मला दुसरं ठाऊक नाही.

वर्षातून दोनदा कातरणी होते. मेंढ्यांना आधी ओढ्यात किंवा तळ्यात धुऊन घेतात, दोन दिवस वाळू देतात. मग पाय बांधून आडवं पाडायचं आणि लांब पात्यांची कातर अंगाला जवळजवळ टेकवून चालवायची. सराईत हाताखाली लोकर तुकडे न होता एकसंध सुटत जाते. वर्षाकाठी एका मेंढीची लोकर भरते अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे एका बऱ्या घोंगड्यामागे पाच-सहा मेंढ्यांचं वर्ष असतं. कोकराची पहिली कातरण वेगळी ठेवतात. ती जावळाची लोकर, सगळ्यांत मऊ. त्या तंतूचं टोक कधी कापलेलं नसतं, ते निसर्गतः निमुळतं असतं, म्हणून टोचतही कमी. जावळाचं घोंगडं मिळालं तर लोक जपून ठेवतात. रंग घोंगड्याला द्यावा लागत नाही, तो मेंढीचाच. काळी, करडी, तपकिरी लोकर वेगळी काढायची आणि हव्या त्या प्रमाणात मिसळायची. मेंढीच्या पाठीवरच्या काळ्या लोकरीची टोकं बऱ्याचदा तांबूस दिसतात, कारण उन्हाने तेवढ्याच भागातलं रंगद्रव्य विटलेलं असतं. घोंगड्याच्या काळ्या अंगात मधूनच चमकणारी ती तांबूस छटा म्हणजे माळावरच्या उन्हाचीच खूण.

मग पिंजणं, पेळू करणं, चरख्यावर सूत काढणं. हे काम बहुतेक बायकांचं. पेळूतून किती तंतू सुटू द्यायचे आणि त्याला किती पीळ द्यायचा, हे दोन बोटांच्या चिमटीत ठरतं. पीळ कमी पडला तर सूत तुटतं, जास्त झाला तर वेटोळी घेतं.

पुढचा टप्पा घोंगडी विणणाऱ्या सनगरांच्या घरचा, आणि माझ्या मते सगळ्यांत बुद्धीचा. लोकरीचं सूत केसाळ असतं. ते तसंच मागावर चढवलं तर शेजारचे धागे एकमेकांत गुंततील, फणी पुढे सरकणार नाही. म्हणून ताण्याला खळ देतात, चिंचोक्याची. चिंचोके भाजून त्यांचं टरफल काढतात, आतला पांढरा गर भिजवून वाटतात आणि शिजवतात. त्यातलं पिष्टासारखं द्रव्य पाण्यात फुगून दाट चिकट होतं. गल्लीत किंवा अंगणात ताणा लांबवर ओढून बांधायचा, मोठ्या कुंच्याने खळ लावत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं, मग परतायचं. कुंचा नेहमी धाग्याच्या दिशेनेच फिरतो. ओलेपणी प्रत्येक धाग्यावरचे उभे केस आडवे झोपतात, वाळल्यावर खळ त्यांना तिथेच धरून ठेवते. ऊन मिळालं तर काम साधतं, आभाळ आलं तर ताणा गुंडाळून घरात घ्यावा लागतो. चिंचेच्या बियांत हा गुण आहे हे पुढे मोठ्या कापडगिरण्यांनीही वापरलं, पण इथे ते कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय चालत आलं. मेंढी माळाची, चिंच बांधावरची. बाहेरून आणायला लागत नाही असं सगळं.

माग खड्ड्यातला. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो, हाताने धोटा या बाजूने टाकून त्या बाजूला झेलतो आणि बाणा ठोकून घट्ट बसवतो. नवं घोंगडं खळीमुळे कडक असतं, अंगावर उभं राहतं. वापरात आणि पावसात खळ हळूहळू सुटते, आणि मग खवल्यांचं काम सुरू होतं. सगळे खवले टोकाकडे झुकलेले असल्याने तंतू एकाच दिशेने सरकू शकतो, उलट सरकायला गेला की अडकतो. ओल आणि घर्षण मिळत राहिलं की तंतू इंचाइंचाने एकमेकांत शिरतात आणि वीण मिटत जाते. म्हणून जुनं घोंगडं नव्यापेक्षा पाऊस चांगला अडवतं. जेन नावाचं जाड अंथरूण तर विणतच नाहीत. लोकरीचे थर पसरून, भिजवून, गुंडाळून, दाबत-लोळवत राहतात आणि खवल्यांनाच सगळं विणकाम करू देतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. पिवळ्याधमक आभाळात काळे पुंजके तरंगताना दिसतात. ज्याच्यावर पोट चालतं ते देवाला द्यायचं, इतका सरळ भाव त्यात आहे.

आज मात्र हे पोट लोकरीवर चालत नाही, मटणावर चालतं. लोकरीला भाव इतका कमी, की कातरणीची मजुरीही निघेना, आणि कितीतरी वाडे कातरलेली लोकर तिथेच टाकून पुढे जातात. जतकडची माडग्याळ मेंढी उंच, वजनदार, अंगावर लोकर नावापुरती. तिची मागणी वाढली ती याच कारणाने. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनीचा मेरिनो आणि रॅम्बुलेशी संकर करून लोकर बारीक करण्याचेही प्रयोग झाले. फलटणच्या निंबकर संस्थेने वेगळा रस्ता धरला, आणि त्याची गोष्ट अशी आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. सुंदरबनातल्या गरोल या चिमुकल्या मेंढीत एक जनुक असतं, त्यामुळे तिला जुळी-तिळी कोकरं होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीला बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या, आणि तिथल्या बुरुला मेरिनोत दिसणारं जुळ्यांचं जनुक त्यांच्याकडूनच आलं असं मानलं जातं. 2001 मध्ये ते जनुक ओळखलं गेलं, पाठोपाठ गरोलमध्येही तेच सापडलं. फलटणमध्ये 1990 च्या दशकापासून गरोल आणून दख्खनीशी संकर चालू होता. त्यातून नारी सुवर्णा ही जुळी देणारी मेंढी उभी राहिली. धनगराच्या मिळकतीसाठी ते मोलाचं काम आहे. लोकरीचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, तो घोंगडं विकत घेणाऱ्यांच्या हातात आहे. जी मेंढी लोकर देते तिची लोकर विकली गेली, तरच ती जात कळपात टिकेल.

म्हणून घ्यायचं तर खरं घ्यावं, आणि ते ओळखायला दोन मिनिटं पुरतात. काठाचा एक सुटा धागा चिमट्यात धरून काडी लावावी. कृत्रिम धागा वितळतो, थेंब होऊन चिकटतो. लोकर नाइलाजाने जळते, काडी बाजूला केली की विझते, जळलेल्या केसांचा वास येतो आणि मागे काळी राख उरते, जी बोटांत चुरगळते. लोकर जळत राहायला हवेत 25 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन लागतो, आपल्या हवेत तो 21 टक्के. तीन दगडांच्या चुलीशेजारी आयुष्य काढणाऱ्यांनी अंगावर हेच पांघरलं याचं नवल वाटायला नको.

घरी आणल्यावर धुण्याची घाई करू नये. गार पाण्यात बुचकळावं, चोळू नये, सावलीत आडवं वाळवावं. जपायचं ते कसरीपासून. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना इतक्या घट्ट बांधलेल्या असतात की बहुतेक प्राण्यांना ते प्रथिन पचतच नाही. कसरीच्या अळीच्या आतड्यात मात्र तीव्र अल्कधर्मी रस असतो, तो हे दुवे तोडतो आणि ती घोंगडं खाऊन वाढते. तिला उजेड सोसत नाही, हालचाल सोसत नाही. पेटीत वर्षभर घडी करून ठेवलेल्या घोंगड्याला भोकं पडतात, रोज अंथरल्या-झटकल्या जाणाऱ्याला सहसा पडत नाहीत. वापरात नसेल तर महिन्यातून एकदा उन्हात घालावं, दोन्ही बाजूंनी काठीने झोडावं आणि घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.