केसपेपरावरील एक ओळ

प्रवरा नदीच्या दोन तीरांवर बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द अशी विभागलेली वस्ती, भोवतालचा उसाचा मुलूख आणि मोठ्या दुखण्यासाठी श्रीरामपूर किंवा लोणी गाठण्याची रीत ध्यानात घेतली, म्हणजे अशा गावातील दवाखान्याचे चित्र डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. बाकांवर ताटकळलेली माणसे, दाराशी केसपेपरांचा गठ्ठा घेऊन उभा कंपाउंडर, आणि त्याने खणखणीत आवाजात पुकारलेले नाव. ज्याला ते नाव ऐकूच येत नाही त्याचा नंबर मुकाट्याने निघून जातो, आणि त्याच्या गैरहजेरीची नोंद होते ती तो तेथेच बसलेला असताना.

दिव्यांगांसाठी दवाखाना सोयीचा करावयाचा म्हटले की आपल्या मनात प्रथम रॅम्प येतो. तो आवश्यक आहे याबद्दल दुमत नाही. परंतु वैद्याचे निम्मे निदान रोग्याच्या निवेदनावर उभे असते, आणि ते निवेदन ज्याला करता येत नाही तो उंबरठा ओलांडून आत आला तरी वस्तुतः बाहेरच राहतो. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांवर आणि वाचादोष असलेल्यांची सुमारे 20 लाख नोंदली गेली. वार्धक्याने ऐकू येईनासे झालेले, पण स्वतःला दिव्यांग म्हणवून न घेणारे आजोबा-आजी या हिशेबात क्वचितच येतात.

कायद्याची तरतूद मात्र तुटपुंजी नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या 1995 च्या अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या अधिनियमाने ते एकवीस केले. त्याच्या 25 व्या कलमात सरकारीच नव्हे तर खासगी रुग्णालयांच्याही सर्व भागांत निर्वेध प्रवेशाची आणि तपासणीत अग्रक्रमाची तजवीज आहे. शिवाय ‘संवाद’ या संज्ञेच्या व्याख्येत सांकेतिक भाषा, ब्रेल, मोठी अक्षरे, सोपी भाषा ही सर्व माध्यमे त्याने समाविष्ट करून घेतली आहेत. कागदावर इतके असूनही दवाखान्यात ते उतरत नाही, याचे कारण दुष्टावा नव्हे. आपल्यासमोरील माणसाला नेमकी कोणती अडचण आहे, हे विचारण्याचीच रीत नाही.

बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलण्याची आपली सवय पाहा. ओरडताना ओठांचा आकार बिघडतो आणि शब्द अधिकच दुर्बोध होतो. ओठ वाचण्यावरही सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण प, ब आणि म ही तिन्ही व्यंजने ओठांवर सारखीच दिसतात. म्हणजे ‘पोट दुखते का’ आणि ‘बोट दुखते का’ या दोन प्रश्नांत नजरेला काहीच भेद नाही, आणि वैद्याला तर तो भेद फार मोलाचा! तेव्हा चेहरा उजेडात ठेवावा, संथ बोलावे आणि दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवून विचारावे. चिठ्ठी लिहून देणे हाही रामबाण उपाय नव्हे. जन्मतः बहिऱ्या असलेल्या कित्येकांची पहिली भाषा सांकेतिक असते, तिचे व्याकरण निराळे असते आणि लिखित मराठी त्यांना परकी वाटू शकते. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश 2021 मध्ये पूर्ण झाला व त्यात वैद्यकीय शब्दही आहेत. पण दुभाषा तालुक्याच्या ठिकाणीही सहजासहजी मिळत नाही, म्हणून मोबाइलवरील चित्रसंवादाने दूरच्या दुभाष्याला बोलावणे हाच तूर्त व्यवहार्य मार्ग दिसतो.

याहून करुण, आणि याहून अधिक गैरसमजाचा विषय, म्हणजे पक्षाघातानंतरचा वाचाघात. 1861 मध्ये पॅरिसच्या ब्रोका नामक शल्यवैद्याने, केवळ ‘टां’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या एका रोग्याच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासून, वाणीचा संबंध मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडला, आणि पुढे तो डाव्या अर्धगोलाशी असल्याचे मांडले. हाच अर्धगोल शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणूनच अशा अनेक रोग्यांची उजवी बाजू लुळी पडते आणि तिच्याबरोबर शब्दही जातात. शब्द जातात, बुद्धी नव्हे. काल-परवापर्यंत घरचा सारा व्यवहार पाहणारा गृहस्थ ‘पाणी’ म्हणू शकत नाही, एवढ्यावरून त्याच्याशी लहान मुलासारखे बोलले जाते, हा मला उपचारातील सर्वांत मोठा अविवेक वाटतो. काहींच्या तोंडून ‘नाही’ म्हणावयाचे असता ‘होय’ निघून जाते. तेव्हा तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारणे, शरीराचे चित्र पुढे ठेवणे, एका वेळी एकच गोष्ट विचारणे आणि उत्तराची वाट पाहणे, एवढेच करावयाचे असते. चित्रांवर बोट ठेवून बोलता यावे यासाठी मुंबईच्या आयआयटीत ‘जेलो’ नावाचे साधन तयार झाले आहे. ते मराठीतही आहे आणि विनामूल्य आहे.

रोग्याशी बोलणे जमेनासे झाले की डॉक्टर त्याच्या सोबत्याकडे वळतात, आणि तेथेच दुसरा अन्याय सुरू होतो. बहिऱ्या सुनेची पाळी चुकल्याचे सासूच्या तोंडून कळावे, किंवा शस्त्रक्रियेची संमती भावाने द्यावी, यात सोय आहे. पण रोग्याचा एकांत मात्र हिरावला जातो. सोबती असू द्यावा; पण तो राहावा की नाही हे रोग्याला विचारावे, आणि प्रश्न करताना नजर रोग्याकडे असावी.

इंग्लंडमध्ये 1 ऑगस्ट 2016 पासून सरकारी आरोग्यसेवेला एक नियम पूर्णपणे लागू झाला: रोग्याची संवादाची गरज विचारावी, नोंदवावी, ती चटकन नजरेत भरेल अशी खूण करावी, पुढच्या दवाखान्याला कळवावी आणि भागवावी. यासाठी आपल्याकडे नवे दफ्तर उघडण्याची गरज नाही. केसपेपराच्या माथ्यावर लाल शाईने ‘ऐकू येत नाही, हाताने खूण करून बोलवा’ एवढी ओळ लिहिली आणि लोणीला रवाना करावयाच्या चिठ्ठीवर ती उतरवली, की काम झाले. अशा खुणांची रीत आपल्याकडे जुनीच आहे: आपले जुने कंपाउंडर मिक्स्चरच्या बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवीत, ती निरक्षरालाही डोसाचे माप कळावे म्हणूनच; आणि गोळ्यांच्या पाकिटावरचे 1-0-1 आजही तेच काम करते.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. बाहेर गर्दी असताना एका रोग्याला दुप्पट वेळ देणे डॉक्टरांना जड जाते. कायदा अग्रक्रम देतो, पण सकाळच्या घाईत मिळालेल्या पहिल्या नंबरापेक्षा दुपारी गर्दी ओसरल्यावरचा शेवटचा नंबर कित्येकांना, विशेषतः गोंगाटाने बिथरणाऱ्या स्वमग्न मुलांना, अधिक मानवेल. यांतला कोणता हवा, हे त्या रोग्याला किंवा त्या मुलाच्या आईला आदल्या दिवशी विचारून घ्यावे.