केमोच्या काळातले काढे

जमैकात सदाफुलीची पानं मधुमेहावर देत. त्या समजुतीचा माग काढताना कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांना भलतंच दिसलं. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. १९५८मध्ये त्यातून व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती आलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. लहान मुलांच्या ल्युकेमियावर व्हिन्क्रिस्टिन आजही दिलं जातं. १९६६मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं आणि पाच वर्षांनी यू वृक्षाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना उलगडली. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही निघालं. त्यापायी त्या झाडाची बेसुमार तोड झाली.

केमोच्या वॉर्डात झाडपाला असा पहिल्यापासून आहे. मात्र तिथे तो मिलिग्रॅममध्ये मोजलेला असतो आणि पेशंटची उंची-वजन पाहून ठरवलेला असतो. गेल्या पन्नास वर्षांत घरोघरी जो झाडपाला शिजला, त्याला ना माप होतं, ना कुणी त्याची नोंद ठेवली.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत जर्दाळूच्या बियांपासून बनवलेल्या लेट्रिलची लाट आली. सिनेनट स्टीव्ह मॅक्वीन उपचारांसाठी मेक्सिकोतल्या क्लिनिकमध्ये गेला, तिथे त्याला लेट्रिलही दिलं गेलं, आणि नोव्हेंबर १९८०मध्ये तो वारला. १९८२मध्ये १७८ रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला: गुण शून्य, आणि काहींच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण धोक्याच्या जवळ. लेट्रिलमागे गेलेल्या लोकांना भोळे म्हणून सोडून देणं मला पटत नाही. १९७८मध्ये सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध वापरात आलं, पण त्याच्या उलट्या आवरणारं ऑन्डानसेट्रॉन अमेरिकेत मिळायला १९९१ उजाडलं. मधल्या काळात सलाइन लागल्यावर तासन् तास ओकाऱ्या काढणारा माणूस ज्यांनी जवळून पाहिला, त्यांनी दुसरी वाट शोधली नसती तरच नवल. त्या पिढीची ‘केमो नको’ ही धास्ती आपल्याकडेही घरातल्या पुढच्या माणसांपर्यंत पोचली. औषधं बरीच सुधारली तरी ती धास्ती गेलेली नाही.

नव्वदच्या दशकात मोजदाद सुरू झाली. १९९८मध्ये तेरा देशांतली सर्वेक्षणं एकत्र मांडली गेली, तेव्हा सरासरी ३१ टक्के कॅन्सररुग्ण पूरक किंवा पर्यायी उपचार घेत असल्याचं दिसलं. २०१२च्या अशाच आढाव्यात आकडा ४०च्या घरात गेला. त्याहून गंभीर गोष्ट दर सर्वेक्षणात पुन्हा पुन्हा निघत होती: यातले पुष्कळजण डॉक्टरांना काही सांगतच नाहीत.

महाराष्ट्रात हे कळायला सर्वेक्षण लागत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात येणारी माणसं जवळच्या फुटपाथवर राहतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. तिथे रिपोर्टांसोबत उपायांचीही देवघेव चालते. गव्हांकुरांचा रस, गोमूत्र, लक्ष्मीतरूच्या पानांचा काढा, हनुमानफळ, गुळवेल. दर काही वर्षांनी नवं नाव, आणि व्हॉट्सॲप आल्यापासून दर काही महिन्यांनी. ‘करून बघायला काय हरकत आहे?’ हे वाक्य सगळीकडे तेच. सायकल कोणती, डोस किती, सुई कुठे, सगळं डॉक्टर-नर्स ठरवतात. आईला, बायकोला, मुलाला करण्यासारखं उरतं ते पहाटे उठून पानं उकळणं. त्या भांड्यात औषधापेक्षा माया जास्त असते, आणि म्हणूनच ‘बंद करा’ या दोन शब्दांनी ते चुलीवरून उतरत नाही. ते फक्त डॉक्टरांच्या नजरेआड होतं.

नजरेआड झालेलं महागात पडतं. सेंट जॉन्स वॉर्ट ही युरोपात मन शांत राहावं म्हणून घेतली जाणारी वनस्पती. इरिनोटेकन घेणाऱ्या रुग्णांनी ती सोबत घेतली, तर औषधाच्या क्रियाशील रूपाची रक्तातली पातळी ४२ टक्क्यांनी घसरते, असं २००२मध्ये दिसलं. इरिनोटेकन हे त्याच कॅम्प्टोथेसिनचं अपत्य. करोनाकाळात गुळवेलीने यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. वाद असो. पण केमोच्या दोन सायकलींमध्ये यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी अचानक चढलं, तर दोष केमोचा की काढ्याचा हे डॉक्टरला ओळखावं लागतं. काढा ठाऊक नसेल तर सायकल पुढे ढकलली जाते, डोस उतरवला जातो. पांढऱ्या पेशींचा काउंट खाली आलेल्या माणसाला न उकळलेला, हाताने वाटलेला रस म्हणजे थेट संसर्गाला आवतण.

पारखून टिकलेलंही काही आहे. मळमळीवर ॲक्युपंक्चरला १९९७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने मान्यता दिली. आल्याचा उपयोग २०१२च्या मोठ्या चाचणीत दिसला, थकव्यासाठी आणि झोपेसाठी योगासनं अनेक रुग्णालयांनी स्वीकारली. यांतलं काहीही केमोची जागा घ्यायला आलेलं नाही. जागा घेतली की काय होतं ते येल विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात आहे. पूरक उपचार घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी सुचवलेली केमो नाकारली, इतरांत हे प्रमाण ३ टक्के. मृत्यूचा धोका दुप्पट निघाला, आणि त्याचं मुख्य कारण हे नाकारणंच होतं.

नोव्हेंबर २०२४मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नी कॅन्सरमधून बरी झाल्याचं श्रेय कडुलिंब, हळद आणि आहाराला दिलं. शस्त्रक्रिया आणि केमोही झालेली होती. टाटा रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी निवेदन काढून लोकांना सावध केलं. ते आवश्यकच होतं. पण निवेदन पेपरात येतं आणि काढ्याचा निर्णय स्वयंपाकघरात होतो. मधला दुवा ओपीडीतलं ते पाच मिनिटांचं बोलणं आहे. ‘काही आयुर्वेदिक घेत नाही ना?’ असं दरडावून विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ‘आजी, घरी आणखी काय काय देता यांना?’ असं विचारलं की पिशवीतून बाटली बाहेर निघते, मग ती कधीपासून, किती आणि सायकलच्या कोणत्या दिवशी दिली, हे केसपेपरवर लिहिता येतं.