निर्देशिका-नोंदींचे वाचन (सी भाषेतील)

संगणकावरील फाईलींची नावे आणि त्या फाईलींची ओळख पटविणारे क्रमांक यांची जोडी ज्या विशेष फाईलीत नोंदलेली असते, तिला निर्देशिका (डिरेक्टरी) म्हणतात. सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीने या नोंदी एकामागून एक मिळविणे, याला निर्देशिका-नोंदींचे वाचन म्हणतात. फाईलींची यादी छापणे, शोध घेणे, प्रती काढून ठेवणे इ. सर्व कामांचा हा पाया होय.

स्वरूप : निर्देशिकेत फाईलीतील मजकूर नसतो. युनिक्स प्रणालीत प्रत्येक फाईलीस आयनोड नावाचे एक क्रमांकित टिपण असते. फाईलीचा आकार, मालक, परवानग्या व वेळा त्यात असतात. नाव मात्र नसते. नाव निर्देशिकेत असते. तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुना ८-अ मध्ये खातेदाराच्या नावापुढे गट क्रमांक सापडतात, परंतु हक्कांचा व पिकांचा तपशील पाहण्यासाठी सात-बारा उघडावा लागतो. तसाच हा प्रकार आहे. यामुळेच एका फाईलीस दोन नावे असू शकतात. प्रत्येक निर्देशिकेत ‘.’ (स्वतः) व ‘..’ (वरची निर्देशिका) या दोन नोंदी सामान्यतः आढळतात.

इतिहास : सी भाषा डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविली. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत निर्देशिकेतील प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे : २ बाइट आयनोड क्रमांकासाठी व १४ बाइट नावासाठी. आज्ञावली निर्देशिका साध्या फाईलीप्रमाणे उघडून १६-१६ बाइटांचे तुकडे वाचीत. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी आवृत्तीत नावाची मर्यादा २५५ बाइटांपर्यंत वाढली व नोंदींची लांबी कमीजास्त झाली. त्यामुळे जुनी रीत निरुपयोगी ठरली आणि वाचनासाठी स्वतंत्र फंक्शने देण्यात आली. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने ती स्वीकारली. सी भाषेच्या स्वतःच्या मानकात मात्र निर्देशिकेची कल्पना नाही. म्हणून विंडोज प्रणालीत याच कामासाठी निराळी फंक्शने वापरावी लागतात.

वाचनाची रीत : ओपनडिर हे फंक्शन निर्देशिका उघडते, रीडडिर प्रत्येक वेळी एक नोंद देते व क्लोजडिर ती बंद करते. रीडडिर ज्या रचनेचा पत्ता परत करते, तिच्यात डी_नेम (नाव) व डी_आयनो (क्रमांक) हे घटक असतात. ही रचना पुढील वाचनाच्या वेळी पुसली जाण्याचा संभव असल्याने, नाव टिकवावयाचे असल्यास त्याची वेगळी प्रत करावी लागते. डी_नेममध्ये केवळ नाव असते, मार्ग नसतो. ‘लातूर/चाकूर’ ही निर्देशिका वाचताना मिळालेले नाव तसेच स्टॅट फंक्शनला दिल्यास ते आज्ञावलीच्या चालू निर्देशिकेत शोधले जाते व सापडत नाही. म्हणून आधी मार्ग जोडावा लागतो. पोटनिर्देशिकांत उतरताना ‘.’ व ‘..’ या नोंदी वगळल्या नाहीत, तर आज्ञावली त्याच त्या ठिकाणी फिरत राहते.

सर्वांत घातक चूक शेवटाच्या ओळखीत होते. नोंदी संपल्या की रीडडिर शून्य पत्ता देते. पण वाचनात दोष उद्भवला तरीही ते शून्य पत्ताच देते. हा भेद कळण्यासाठी प्रत्येक वाचनापूर्वी एर्नो हे चल शून्य करून नंतर तपासावे लागते. तसे न केल्यास तालुक्यातील गावांच्या फाईलींच्या प्रती काढणारी आज्ञावली मध्येच थांबूनही काम पूर्ण झाल्याचे सांगते. वगळलेल्या गावांचा पत्ता लागतो तो मूळ तबकडी बिघडल्यावर.

मराठी नावे : युनिक्सच्या दृष्टीने नाव म्हणजे बाइटांची मालिका होय, तिरकी रेघ व शून्य बाइट एवढेच तीत निषिद्ध आहेत. १९९२ मध्ये केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत हे दोन बाइट इतर अक्षरांच्या संकेतांत येत नाहीत, म्हणून देवनागरी नावे निर्वेध चालतात. या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. ‘चाकूर’ या नावात च, काना, क, दीर्घ ऊकार व र अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट आहेत. जुन्या १४ बाइटांच्या नोंदीत हे गाव एका बाइटाने मावले नसते. आजच्या २५५ बाइटांत अशी ८५ चिन्हे मावतात.

‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील ‘ऱ’ दोन प्रकारे साठविता येतो : एकाच संकेताने, किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसतात. परंतु बाइटांची तुलना करणाऱ्या आज्ञावलीस एक सापडते व दुसरे सापडत नाही. यासाठी तुलनेपूर्वी दोन्ही नावे एकाच रूपात आणावी लागतात.

रीडडिर नोंदी कोणत्याही ठराविक क्रमाने देत नाही. केवळ बाइटांनुसार क्रम लावल्यास ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे चाकूर तालुक्यातील नळेगावाचे नाव ‘नव’ने आरंभ होणाऱ्या नावांच्या आधी पडते व कोशाच्या क्रमाने शोधणाऱ्यास ते योग्य जागी मिळत नाही. भाषेच्या नियमांनुसार तुलना करणारे स्ट्रकॉल फंक्शन वापरून व त्याचा मराठी क्रम आधी तपासून हा दोष टाळता येतो.