घनदेही विद्युत्-मँडोलिन आणि वादकांचा कौल

नवें वाद्य बाजारांत आलें कीं त्याचें पहिलें स्वागत जाणत्या वादकांच्या कपाळावरील आठ्यांनीं व्हावयाचें, असा संगीताच्या जगांतील शिरस्ताच आहे. बाजाची पेटी हिंदुस्थानांत रुळूं लागली तेव्हां तिच्यावर हाच प्रसंग गुदरला. तिच्यांतून मींड निघत नाहीं, तिचे स्वर जागच्या जागीं खिळलेले असतात, असे आक्षेप निघाले. १९४० सालीं नभोवाणीनें तिला आपल्या कार्यक्रमांतून वर्ज्य केलें, आणि ही बंदी शिथिल व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. मध्यंतरीं पेटी घरोघर वाजतच होती. पाश्चात्य देशांत, आणि पुढें दक्षिण भारतांतहि, असाच वाद विजेवर वाजणाऱ्या मँडोलिनाविषयीं झडला. त्या वादांत दोन्ही पक्षांकडे विचार करण्याजोगें पुष्कळ होतें.

मँडोलिन हें मूळचें इटलीचें वाद्य. चार जोड्यांत मिळून आठ तारा, त्यांची जुळणी व्हायोलिनप्रमाणें पंचमाच्या अंतरानें, आणि तारेची वाजती लांबी सुमारें चौदा इंच, असें त्याचें नेहमींचें रूप आहे. तार इतकी आखूड असल्यामुळें स्वर टणत्कारानें उमटतो आणि लगेच विरतो. म्हणूनच वादक हातांतील पट्टी तारांवर जलद मागेंपुढें फिरवून स्वराचा भास टिकवून धरतो. ही थरथर हिंदी चित्रपटांच्या श्रोत्यांस चांगली परिचयाची आहे. संगीतदिग्दर्शक सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) हे या वाद्याचे मोठे वादक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडींतील लक्ष्मीकांत कुडाळकर यांचाहि मुंबईच्या संगीतसृष्टींत प्रवेश झाला तो मँडोलिन हातांत घेऊनच.

साध्या मँडोलिनाचा सारा जीव त्याच्या पोकळ उदरांत असतो. तारेचा कंप घोडीवाटे वरच्या लांकडी फळीस मिळतो आणि ती फळी हवा हालवून नाद मोठा करते. ही फळी कोठें जाड व कोठें पातळ ठेवावयाची, हें ठरविण्यांत कारागिराचें कसब पणास लागतें. अमेरिकेंतील गिब्सन कारखान्यांत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखालीं १९२२ ते १९२४ या काळांत झालेलीं एफ-५ जातीचीं मँडोलिनें या कसबाचा कळस मानलीं जातात. त्यांपैकीं १९२३ सालचें एक वाद्य बिल मन्रो यांस १९४५ च्या सुमारास फ्लॉरिडांतील एका न्हाव्याच्या दुकानांत मिळालें. त्याची किंमत दीडशें डॉलर होती, असें सांगतात. आज तशा वाद्यास लाखाहून अधिक डॉलर पडतात. चांगलें मँडोलिन सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेर कां गेलें, हें यावरून कळून येईल.

घनदेही वाद्याची रचना याच्या अगदीं उलट असते. त्यास उदर नसतेंच. असते ती एक भरीव फळी. पोलादी तारांखालीं लोहचुंबकाभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र ढवळलें जातें, वेटोळ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते आणि ध्वनिवर्धक तिचें रूपांतर मोठ्या नादांत करतो. कोरीव पृष्ठभागाची गरजच न उरल्यामुळें असें वाद्य यंत्रावर कापून स्वस्तांत तयार होऊं शकतें. नवलाची गोष्ट अशी कीं, एफ-५ घडविणारे लोअर हे स्वतःच पुढें १९३३ च्या सुमारास विजेवर वाजणाऱ्या वाद्यांच्या उद्योगांत शिरले.

भरीव फळीची निकड कशी भासली, याची कथा ब्राझीलमधील साल्वादोर शहरांत घडली. १९४० नंतरच्या वर्षांत दोदो आणि ओस्मार या दोन हौशी वादकांनीं पोकळ वाद्यास विजेची जोड देऊन पाहिली. परंतु ध्वनिवर्धकाचा आवाज वाद्याच्या उदरांत शिरे, तेथून पुन्हां ध्वनिवर्धकांत जाई, आणि कर्कश शिटी सुरू होई. तार भरीव लांकडावर ताणली कीं ही शिटी थांबते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. १९५० च्या कार्निव्हलमध्यें एका जुन्या फोर्ड मोटारींत बसून त्यांनीं रस्त्यानें वादन केलें. त्या वाद्यांतूनच मँडोलिनाच्या जुळणीची ‘गितारा बायाना’ विकसित झाली. उत्तर अमेरिकेंत पॉल बिग्ज्बी यांनीं १९५२ सालीं टायनी मूर या वादकाकरितां पांच एकेरी तारांचें घनदेही मँडोलिन बनविलें. १९५६ त फेंडर कंपनीनें चार एकेरी तारांचें वाद्य कारखान्यांतून बाजारांत आणलें. पुढें एपिफोनसारख्या कंपन्यांनीं चार व आठ तारांचीं स्वस्त वाद्यें काढलीं आणि ज्यास हौस आहे पण पैका बेताचा आहे, अशा माणसाच्या हातीं विद्युत्-मँडोलिन पडूं लागलें.

यावर वादकांचे दोन तट पडले. जुन्या पठडीच्या वादकांचा पहिला आक्षेप असा कीं, याला मँडोलिन म्हणावयाचें तरी कशावरून? दोन जुळ्या तारांच्या सूक्ष्म फरकांतून जी झळाळी निघते ती एकेरी तारेंत नाहीं, आणि लांकडाचा आवाज तर मुळींच नाहीं. मन्रो यांच्या ब्लूग्रास संगीतांत मँडोलिन हें एका अर्थीं डग्ग्याचें काम करतें. वादक तारा दाबून चटकन् सोडतो आणि मात्रेच्या मध्यें कोरडा आघात देतो. हा आघात पोकळ वाद्याच्या उदरांतूनच यावा लागतो. दुसरा आक्षेप घडणीचा. आखूड तारेवर घोडी केसभर सरकली तरी स्वर बेसूर होतात आणि पडदा किंचित् वरखालीं बसला तरी तार खरखरते. स्वस्त वाद्यांत नेमकी हीच बारकाई राहून जाते. त्यांतून गिटारवादकाच्या रुंद बोटांस ही अरुंद मान अडचणीची वाटते.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि तितकेंच सबळ आहे. व्हायोलिनवादकास ही जुळणी पाठच असते. त्यामुळें त्याच्या हातांत एकाएकीं एक नवा आवाज येतो. ढोल आणि कर्ण्यांच्या गदारोळांत पोकळ मँडोलिन ऐकूंच येत नाहीं, तेथें हें निर्धास्तपणें वाजतें. बिऱ्हाडकरूंच्या दाट वस्तींत राहणारा विद्यार्थी श्रवणयंत्र कानाला लावून मध्यरात्रींहि शेजाऱ्यांची झोंप न मोडतां तालीम करूं शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्याच्या घरीं शे-दोनशें वर्षांची परंपरा नाहीं किंवा धनहि नाहीं, त्याला संगीताच्या दारांत उभें राहण्यापुरती जागा मिळते.

या वादाचा सर्वांत बोलका निकाल दक्षिण भारतांत लागला. आंध्रांतील पालकोल्लू येथें १९६९ सालीं जन्मलेले उप्पलपु श्रीनिवास यांनीं बालपणींच वडिलांचें मँडोलिन उचललें. त्यांचे गुरु रुद्रराजु सुब्बराजु यांना तें वाद्य वाजवितां येत नसे. ते गाऊन दाखवीत आणि शिष्य तें तारेवर उतरवून घेई. कर्नाटक संगीताचा प्राण गमकांत आहे. स्वर लांब टिकला पाहिजे आणि तार आडवी ओढून त्याला आंदोलन देतां आलें पाहिजे. जोडतारा एकदम ओढूं गेलें तर दोघींचा मेळ सुटतो; शिवाय पोकळ वाद्याचा स्वर गमक पुरें होण्याआधींच मावळतो. म्हणून पडद्यांच्या या परदेशी वाद्यावर रागसंगीत शक्य नाहीं, असें बुजुर्गांस वाटणें स्वाभाविक होतें. श्रीनिवास यांनीं जोड्या सोडून एकेरी तारांचें घनदेही विद्युत्-मँडोलिन पत्करलें आणि कालांतरानें त्यावर पांच तारा चढविल्या. भरीव देह तारेची शक्ति लवकर शोषून घेत नाहीं, त्यामुळें स्वर रेंगाळतो; उरलेला मंद कंपहि ध्वनिवर्धक ऐकवितो. १९८१ सालीं मद्रासच्या डिसेंबरांतील संगीतोत्सवांत हा बारा वर्षांचा मुलगा वाजविण्यास बसला, आणि शंका घेणाऱ्यांना आपल्या मताचा फेरविचार करावा लागला. १९९८ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. २०१४ सालीं वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं ते निवर्तले, तोंवर ‘मँडोलिन’ हा शब्द त्यांच्या नांवाचाच भाग होऊन बसला होता.

ब्लूग्रासच्या वादकानें ज्याला उणीव म्हटलें, तोच गुण कर्नाटक संगीताच्या उपयोगी पडला. एकेरी तार आणि लांकडाचें मौन यांनीं कोरडा आघात गमावला, पण गमक मिळवून दिलें. तेव्हां घनदेही वाद्याचें मोल ठरवितांना त्याच्यांतून कोणतें संगीत काढावयाचें आहे, हा प्रश्न आधीं विचारणें इष्ट. जो लांकडाच्या नादासाठीं आसुसला आहे, त्याचें समाधान या फळीनें होणार नाहीं, आणि तसा आग्रह त्यास कोणीं करूंहि नये.

स्वस्त वाद्य विकत घेणाऱ्यानें मात्र एक पथ्य पाळावें. दुकानांतून आणलेलें वाद्य तसेंच्या तसें वाजवूं नये. जाणत्या कारागिराकडून त्याची घोडी ठिकाणावर बसवून घ्यावी, पडद्यांची उंची सारखी करून घ्यावी आणि तारा नव्या चढवाव्या. बेसूर वाद्यावर शिकणाऱ्याचा कानच बिघडतो, आणि दोष मात्र तो आपल्या बोटांना देत बसतो. अशा निराशेनें किती मुलांनीं वाद्य कायमचें खुंटीला टांगलें असेल! कारागिराची मजुरी ही त्या मानानें फारच थोडी किंमत होय.